शिकवणीच्या ओट्यावरच्या शेंगा

आज निमगाव सावाच्या रस्त्यावर उकडलेल्या शेंगांचा वास आला आणि आमच्या बौद्धवाडीतला सुनंदाताईचा ओटा आठवला. ताई तिथं गावातल्या पोरांची शिकवणी घ्यायची. पाढे झाले की सगळ्यांना गरम शेंगा वाटायची.

वरच्या आळीतल्या पूजाला ताई स्कॉलरशिपला बसवणार होती. एका संध्याकाळी तिची आई आली.

"थुंक आधी! हितलं खायचं नाय, सांगितलं व्हतं ना?"

ताई म्हणाली, "वयनी, माझं गणित चालतं, शेंगा चालत नाय व्हय?"

पूजा थुंकली. ती पुन्हा आली नाही, परीक्षेलाही बसली नाही.

आज मी यावर पानंच्या पानं लिहितो. तेव्हा दुसरीत होतो. हातातली शेंग फोडून आत कीड शोधत बसलो. दाणे चांगले होते.