हळू चालणाऱ्यांचा पोहा

कापसाच्या दिवसांत आमच्या चांदूर बाजारात नुसती एक फेरी मारली तरी अंगाला कापसाचे तंतू चिकटतात. घरी येऊन कितीही झटका, एखादा राहतोच, आणि जेवताना तो वरणात सापडतो. काशीराव पाटलांच्या पोह्याच्या गोष्टी मला अशाच चिकटल्या आहेत. मी त्या मुद्दाम जमवल्या नाहीत. ओसरीवर काढा उकळत बसलो की कोणीतरी विचारतो, "महाराज, त्या सायबाचं काय झालतं?" मी सांगत बसतो आणि काढा आटून जातो.

पोहा म्हणजे महादेवाच्या यात्रेला निघालेला गावाचा जथा. आमच्या भागातले पोहे महाशिवरात्रीला सालबर्डीला जातात. बैलगाड्या नदीपर्यंत. तिथून पुढे डोंगरातली वाट, दगडगोटे, पळसाची झाडं आणि शेवटी महादेवाची गुहा. खरी यात्रा ती तेवढीच.

ते दिवस कापसाच्या तेजीचे होते. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती आणि तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे आमच्या काळ्या मातीला एकदम भाव आला होता. मग प्रत्येक गावचा पाटील आपला पोहा थाटात नेऊ लागला. कोणाच्या बैलांच्या शिंगांना चांदी, कोणाच्या पुढे वाजंत्री. आमच्या शेजारच्या खेड्यातल्या काशीराव पाटलांनी मात्र पाण्याची गाडी केली, काटे काढायला न्हावी घेतला, म्हाताऱ्यांसाठी गाडीभर काठ्या घेतल्या. आणि एक वैद्य घेतला. तो मी.

*

मला घेतलं त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

पाटील आमच्या ओसरीवर येऊन बसले. धिप्पाड माणूस, मांडीवर मूठ ठेवून बोलायची सवय. वडिलांना म्हणाले, "वैद्यमहाराज, पोह्यासंगं एक वैद्य पायजे."

वडिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा माझा मुलगा. तरणा आहे, घोड्यासारखा चालतो."

पाटलांचं तोंड उतरलं. "मंग नाई जमत बाप्पा. मले हळू चालणारा पायजे. जोरात चालणारा वैद्य महादेवापाशी जाऊन पोचते, अन् दुखणेकरी मांगं माह्यापाशी राह्यते."

मी हळू चालेन, असं कबूल करून घेतल्यावरच त्यांनी मला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला काम दिलं, आणि ते मी कमी वेगाने करावं या अटीवर!

*

नदीपाशी गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला. पाटलांच्या पोह्याचा कायदाच उलटा होता. इतर पोह्यांत तगडे गडी पुढे धावायचे, म्हातारेकोतारे मागे धापा टाकत यायचे. इथे सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढे. त्याला ओलांडून कोणी जायचं नाही. सगळ्यांत तगडा तो शेवटी, खांद्यावर पाण्याने भरलेला वाळका, पोकळ भोपळा अडकवून. ती जागा पाटलांची.

प्रत्येक वळणावर शेवटच्याने हाक द्यायची, "राह्यलं का कोनी?" उत्तर फक्त पहिल्याने द्यायचं, "कोनी नाई." मधल्यांनी गप्प राहायचं. पहिल्याचा आवाज आला की समजायचं, तो अजून पायावर आहे. कोणाला उचलून न्यायचं नाही आणि कोणाला सोडून जायचं नाही. ज्या वर्षी निघालेल्यांपैकी एक जण जरी मागे राहील, त्या वर्षी पोहा मोडला, पुन्हा निघणार नाही, असं पाटलांनी महादेवाला सांगून ठेवलं होतं.

पुढची जागा बहुधा गयाबुढीची. एवढीशी सुरकुतलेली बाई, दोन्ही गुडघे धरलेले, जीभ मात्र मोकळी. तिच्या गुडघ्यांना तेल चोळताना मी विचारलं, हा कायदा काढला कोणी?

"काशीरावनं," ती म्हणाली. "जवान होता तवा. सर्वांच्या आंधी महादेवाले हात लावाचा म्हनून पयत सुटला. माय संगं होती, ते राह्यली मांगं. परत येऊन पाह्यते तं माय एका पयसाखाली बसेल. जित्ती होती, पन दर्शन नाई झालं तिले. त्याच साली मेली बिचारी." मग तिने दुसरा गुडघा पुढे केला. "हं, हा चोळ. तवापासून हाका मारून राह्यला तो."

 मी त्या गुडघ्याला तेल जास्त लावलं.

*

तेजीच्या ऐन भरात अमरावतीचे एक सेठ आमच्या पोह्यात आले. कापसाचे दलाल. गाडीत गादी, गादीवर लोड, पायांत नवे कोरे करकरणारे बूट. नदीपाशी गाडी थांबली आणि सेठना पहिल्यांदाच कळलं की पुढे लोड येत नाही.

शंभर पावलं गेले नसतील, टाचांना फोड आले. न्हाव्याने बूट काढले, मी पट्ट्या बांधल्या. त्यांची चाल इतकी मंद झाली की गयाबुढीसुद्धा त्यांच्याहून भरभर जाऊ लागली. पाटलांनी हात जोडले आणि म्हणाले, "सेठ, तुमी समोर व्हा."

सेठना वाटलं, आपली पत पाहून मान दिला. छाती पुढे काढून लंगडत चालले. प्रत्येक वळणावर "कोई नहीं!" असं ठणकावून सांगायचे.  एका बाईने हसू दाबायला पदर तोंडात धरला, तर पाटलांनी मागून नुसतं खाकरून तिला गप्प केलं.

पुढच्या वर्षी सेठचा आधीच निरोप आला. येतो आहे, मागच्या वर्षीचा मान कायम ठेवावा.

पाटील गयाबुढीकडे पाहू लागले. ती म्हणाली, "देऊन टाक. माह्याजवळ लय दिवस होता तो मान."

*

रोडग्यांची गोष्ट सांगू नये असं माझी बायको म्हणते, म्हणून ती थोडक्यात सांगतो.

सेठ यायच्या आधी एका वर्षी पाटलांना हुरूप आला. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी नदीकाठी गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाडजूड रोडगे भाजले, वर वांग्याची भाजी, आणि तूप वाढायला खुद्द पाटील. नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. उद्याचा उपास आहे म्हणून सगळे आजच दोन दिवसांचं जेवले. मीही जेवलो.

सकाळी चढण सुरू झाली आणि एकेक जण वाटेवरून नाहीसा होऊ लागला. पहिल्या वळणावर पाटलांनी हाक दिली, "राह्यलं का कोनी?" पुढून गयाबुढीचा आवाज यायच्या आधीच डाव्या हाताच्या झुडपातून कोणी म्हणालं, "मी हावो." उजवीकडून, "मी बी." मग वरून, खालून, जिकडून तिकडून.

पोहा थांबला. सगळे झुडपांतून बाहेर येईपर्यंत पाटील तिथेच उभे राहिले, भोपळा घेऊन. कोणाला टाकून ते पाऊल पुढे टाकणार नव्हते. गुहेपाशी पोचायला आम्हांला दिवस मावळला. पाटील मला म्हणाले, "महाराज, पुढच्या साली भाकर अन् चटनी."

*

आता साहेबाची.

रेल्वेसाठी सागाचं लाकूड पाहायला एक गोरा साहेब त्या डोंगरात फिरत होता. घोड्यावरून मागून आला. वाट अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उतार. त्याच्या चपराशाने ओरडून वाट मागितली.

पाटील वळले. "अठून कोनी समोर जात नाई. माही बुढी समोर आहे."

चपराशी म्हणाला, "अरे, साहेब आहे!"

"असू दे नं. बुढी बी आहे."

 साहेबाने काय चाललंय ते चपराशाला विचारलं, चपराशाने सांगितलं. साहेबाने लांबवर पाहिलं. शंभरावर माणसं आणि सगळ्यांत पुढे काठी टेकत चाललेली एवढीशी गयाबुढी. तो घोड्यावरून उतरला. लगाम धरून पाटलांच्या मागे मुकाट चालू लागला.

वळण आलं. पाटलांनी सवयीने हाक दिली, "राह्यलं का कोनी?"

आणि त्यांच्या पाठीमागून साहेब म्हणाला, "हम रह गया!"

पाटलांनी भोपळ्यातलं पाणी काढून त्याला पाजलं. वर पोचेपर्यंत तो पुढे गेला नाही.

*

मग ती लांबची लढाई संपली आणि कापसाचा भाव धाडकन खाली आला. शिंगांची चांदी उतरली. वाजंत्री गेली. कितीतरी गावांचे पोहे त्या वर्षी निघालेच नाहीत. आमचा निघाला. गाडी एकच, पाण्याची. बायांनी आपापलं पीठ बांधून आणलं, आणि पाटलांनी मला सांगितलं, "महाराज, अवंदा तुमाले द्याले काही नाई." मी म्हटलं, मला हळू चालायची सवय झाली आहे, ती मोडायला दुसरं गाव कुठे शोधू?

सेठही आले. अमरावतीहून पायी. गादी नाही, लोड नाही, पायांत साध्या वहाणा आणि त्याही झिजलेल्या. नदीपाशी गयाबुढी बाजूला झाली आणि म्हणाली, "या सेठ. तुमचा मान."

सेठ तिच्याकडे पाहत राहिले. त्या मानाचा अर्थ त्यांना कोणी सांगितला होता की त्यांचा त्यांनाच उमगला होता, मला माहीत नाही. हात जोडून म्हणाले, "नको माँजी. मी आता चालतो." आणि मधल्या लोकांत शिरून त्यांनी एका बाईचं पिठाचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं.

गयाबुढी पुढे वळली. "समोरचा एक चांगला मानूस गेला," ती पुटपुटली.

*

शेवटची गोष्ट मी सहसा सांगत नाही. आज काढा आटलाच आहे, तर सांगतो.

बडनेऱ्याला नवीनच स्टेशन झालं होतं. पाटील तिथे कापूस घेऊन गेले आणि ढिगावरून कापसाची एक भलीमोठी गासडी घसरून त्यांच्या मांडीवर पडली. हाड मी बसवलं, जुळलंही. पण पाय आखडला तो आखडलाच. पाटलांसारखा माणूस अंगणातून विहिरीपर्यंत जाताना दोनदा थांबायचा. ते पाहून मला घरी येऊन जेवण जात नसे.

शिवरात्र आली. पाटील पाण्याच्या गाडीत बसून नदीपर्यंत आले. उतरले नाहीत. भोपळा मांडीवर घेऊन म्हणाले, "जा तुमी. मी अठीच बसतो."

कोणी हललं नाही. सगळ्यांना कायदा पाठ होता. निघालेला एक जण मागे राहिला की पोहा मोडला.

गयाबुढी गाडीपाशी आली. "काहून बसतं?"

"माह्यानं होत नाई, गयाबुढे. मी आलो तं सर्वांले सांज होईन. माह्यापायी सर्व पोहा खोळंबन."

"अन् नाई आला तं?"

पाटील भोपळ्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला खाली मान घालून बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला ते पाहवत नव्हतं.

बुढी माझ्याकडे वळली. "महाराज, याचा पाय चालते का?"

"चालतो," मी म्हटलं. "पण फार हळू."

"माह्याहून हळू?"

मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्या वर्षी ते आणखी सुजले होते. 

"थांब, मीच दाखवतो," ती म्हणाली. लुगडं खोचलं, काठी माझ्या हातात दिली आणि चढणीला लागली. वर एक मोठी काळी शिळा आहे, तिथपर्यंत ती न थांबता गेली, आणि तशीच खाली आली. तिला तसं चालताना आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलं नव्हतं. ओठ घट्ट मिटले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या, पण आमच्या देखत तिने धाप टाकली नाही.

"पाह्यलं सर्वांनी?" ती म्हणाली. "मी याच्याहून जोरात चालतो. कायदा कायदा आहे. काशीराव, उतर. तू समोर."

पाटील उतरले. पाण्याच्या गाडीतल्या जुन्या काठ्यांतून मी एक मजबूत काठी काढून त्यांना दिली. बुढीने त्यांच्या हातातला भोपळा घेतला, आपल्या खांद्याला अडकवला आणि एकेकाला वाट देत सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

आम्ही निघालो. पाटील एक पाऊल टाकत, दुसरा पाय ओढत, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे त्याच चालीने. मी त्यांच्या पाठीशीच होतो. घामाने त्यांचा सदरा भिजला होता. पहिलं वळण यायला खूप वेळ लागला.

वळणावर पाटील थांबले. मागे सगळा पोहा उभा राहिला. पळसाचं एक फूल गळून त्यांच्या पुढ्यात वाटेवर पडलं.

मग अगदी शेवटून, खालून, चिरका आवाज आला, "राह्यलं का कोनी?"

पाटलांनी काठी दोन्ही हातांनी धरली. मागे वळून न पाहता त्यांनी उत्तर दिलं,

"कोनी नाई राह्यलं, माय."