नियम बदलायला निघालेल्या अक्का

जळगावहून मंगलाचा फोन ऑफिसात आला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. समोर दोन माणसं उभी होती आणि मी त्यांना कुठल्याशा पोटनियमाचा अर्थ समजावत होतो. "काका, आई गेली... सकाळी," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. असल्या बातमीला कुणी "बरं" म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. फोन ठेवला आणि समोरच्या माणसांना तो पोटनियम पहिल्यापासून पुन्हा समजावून सांगितला. ती माणसं गेल्यावर शिपायानं विचारलं, "साहेब, काय झालं?" तेव्हा कुठे मला बोलता आलं. म्हणालो, "आपल्या सुमनअक्का गेल्या." त्यानं हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला आणि तो तिथंच बाकावर बसला. आमच्या ऑफिसात अक्कांना न ओळखणारं कुणी नव्हतं.

आता या गोष्टीला दीड महिना झाला.

मी सहकार खात्यात धुळ्याला कारकून म्हणून लागलो, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी अक्का पहिल्यांदा आल्या. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. त्या कर्मचाऱ्यांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढली होती, बारा घरांची, तीन मजली. अक्कांचं घर सगळ्यात वरचं. घरात दोघं नवराबायको, मंगला आणि तिचा धाकटा भाऊ. यजमान अचानक गेले. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं आणि त्यांच्यामागे ते कुणाच्या नावे व्हावं, याचा नामांकनाचा फॉर्म त्यांनी भरलेला नव्हता. त्या काळी कोण भरत होतं? त्यात अक्कांच्या मोठ्या दिरांनी संस्थेला पत्र दिलं की घरावर आमचाही हक्क आहे. झालं, प्रकरण अडकलं. अक्का त्याच घरात राहत होत्या, तिथूनच मुलांना शाळेत पाठवत होत्या, शिलाईचं काम करत होत्या. पण संस्थेच्या लेखी त्या घराला सभासदच उरला नव्हता.

गच्चीवरची टाकी गळून त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत ओली झाली, म्हणून वार्षिक सभेत त्या बोलायला उभ्या राहिल्या. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुम्ही सभासद नाही. तुम्हाला बोलता येणार नाही. बसा." अध्यक्ष काही वाईट माणूस नव्हता. यजमान गेले तेव्हा त्यानंच धावपळ केली होती. नियम तसा होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अक्का आमच्याकडे आल्या. फिकट निळं नऊवारी, हातात कापडी पिशवी. मी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, पुस्तक काढलं आणि कलम वाचून दाखवलं. म्हणालो, "संस्थेचं म्हणणं नियमाला धरून आहे." त्यांनी ते कलम स्वतः एकदा वाचलं. मग अगदी साधेपणानं म्हणाल्या, "बरं. मग नियम बदलायला अर्ज कुठं करायचा?"

मी हसलो. आजही आठवलं की लाज वाटते. "त्याला मुंबईला जावं लागतं, अक्का," मी म्हणालो. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली. "पत्ता सांगा."

मी पत्ता दिला, खरं सांगायचं तर त्यांनी लवकर जावं म्हणून. चार दिवसांनी त्या पत्राचा कच्चा मसुदा घेऊन हजर. "तुम्ही सरकारी भाषेत करून द्या, भाऊ." मी जेवणाच्या सुटीत लिहायला बसलो आणि सवयीप्रमाणे सुरुवात केली, 'मी एक गरीब विधवा...' त्यांनी ती ओळ वाचली आणि माझ्याच पेनानं खोडली. "मी शिवण शिवते. गरीब कशाला? आणि विधवा हे काय पद आहे? सुमन म्हणून लिहा ना!" त्या सातवी पास होत्या. मी कॉमर्सचा पदवीधर. पण त्या दिवशी लिहायला कोण कुणाला शिकवत होतं, ते उघड होतं.

त्यांचं मागणं दोनच गोष्टींचं होतं. घर घेतानाच नवऱ्याबरोबर बायकोचं नाव कायद्यानं लागलं पाहिजे. आणि माणूस गेलं, वारसांचं ठरेना, तर ठरेपर्यंत जी त्या घरात राहते तिला सभेत बोलता यावं, मत देता यावं. पत्र गेलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, आपली सूचना नोंदवून घेतली आहे. अक्का त्या कागदावर खूश होत्या. "नोंदवून घेतली म्हणतात, म्हणजे वाचली असेल," त्या म्हणाल्या.

अडीच वर्षांनी दिरांनी हरकत मागे घेतली. अक्का स्वतः त्यांच्या गावी जाऊन आल्या होत्या. भांडल्या नाहीत. दोन दिवस राहिल्या, जावेबरोबर पापड लाटले आणि निघताना दिरांना म्हणाल्या, "नाना, उद्या जाऊबाईंवर हीच पाळी आली, तर त्यांना कुणी सभेत बसा म्हणू नये, एवढं पाहा." आठ दिवसांत दिरांचं पत्र आलं. सभासद झाल्यावर पुढच्या सभेत अक्का उभ्या राहिल्या. आता या काय काय बोलतात म्हणून सगळे सावरून बसले. अक्का म्हणाल्या, "टाकी गळते," आणि खाली बसल्या. टाकी त्याच महिन्यात दुरुस्त झाली.

त्यांचं काम झालं होतं. आता यायच्या नाहीत, असं मला वाटलं. पण मुंबईला पत्रं जातच राहिली, आणि कायदा बदलेपर्यंत निदान फॉर्म तरी भरून घ्यावेत, म्हणून त्यांनी रविवारी घरोघरी जायला सुरुवात केली. आधी धुळ्यात, मग बसनं जळगावला. जळगावजवळच्या असोद्याला त्यांची धाकटी बहीण दिलेली होती, तिच्याकडे मुक्काम. जळगावात नव्या इमारती उठत होत्या, तिथं या जिने चढत जायच्या. दार उघडणाऱ्या पुरुषाला विचारायच्या, "भाऊ, नामांकनाचा फॉर्म भरला का?" माणसं चिडायची. एकानं तर सरळ विचारलं, "अक्का, आम्हाला पोचवायलाच निघालात का?" अक्का म्हणाल्या, "तुम्ही शंभर वर्षं जगा. हा फॉर्म एकशेएकाव्या वर्षासाठी आहे." तो हसला आणि त्यानं सही केली.

एका संक्रांतीला त्या आमच्या देवपूरच्या घरी हळदीकुंकवाला आल्या. तिळगूळ हातावर ठेवताना सहज विचारलं, "भाऊ, तुमचा फॉर्म?" मी इकडं तिकडं पाहू लागलो. माझी बायको शोभा आतून म्हणाली, "अक्का, तीन वर्षं झाली, हे तुमच्यासाठी कलमं शोधतायत. माझं नाव लिहायला काही सवड झाली नाही." अक्का मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पिशवीतून फॉर्म काढला आणि तिळगुळाच्या ताटाशेजारी ठेवला, बस्स. शोभा अजून सांगते की तिला त्या वर्षीचं वाण ते मिळालं.

मग कायद्यात काय बदल हवेत, ते ऐकायला मुंबईची काही अधिकारी मंडळी जळगावला आली. मीही खुर्च्या मांडण्यापासून सगळ्याला होतो. बोलणारे बहुतेक संस्थांचे अध्यक्ष, सचिव. अक्कांचा नंबर शेवटी आला. "बाई, दोन मिनिटं," साहेब म्हणाले. अक्का उभ्या राहिल्या. "साहेब, घर घेताना अर्जात विचारलं होतं, कुटुंबात माणसं किती. यजमानांनी चार लिहिलं. त्या चारात मी होते. पुढं ते गेले. चारातून एक गेला तर किती राहतात? माझ्या घरी तीन राहिली. संस्थेच्या वहीत एकही राहिलं नाही. आम्ही तिघं गेलो कुठं?"

साहेबांनी चष्मा काढला. "तुमचा प्रश्न आता सुटला का?" त्यांनी विचारलं.

"सुटला ना. म्हणून तर आले," अक्का म्हणाल्या. "जिचा सुटला नाही, तिला इथं यायला सवड कुठली?"

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसून लहान मुलीसारखं विचारत होत्या, "लिहून घेतलं ना हो त्यांनी? मी पाहिलं, पेन हलत होतं." मी म्हणालो, हो अक्का, हलत होतं.

कायदा बदलला नाही. वर्षं गेली, मंगलाचं लग्न झालं, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, मी कारकुनाचा हेडक्लार्क झालो. अक्कांचं दुखणं वाढलं तसं मंगला त्यांना जळगावला घेऊन गेली. मी शेवटचा भेटायला गेलो तेव्हा त्या फार बारीक झाल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "काही आलं का मुंबईहून?" क्षणभर वाटलं, खोटं बोलावं. काय बिघडणार होतं? पण त्या माझ्याकडे नीट पाहत होत्या... मी म्हणालो, "नाही अक्का. नाही आलं." त्यांनी माझा हात थोपटला. "खरं सांगितलंत ते बरं झालं. खोटं सांगितलं असतंत, तर माझं वाट पाहणं उगाच बंद झालं असतं." आणि मग, जरा दम घेऊन, "माझ्यामागे बायका येतील तुमच्याकडे. त्यांना पुस्तक वाचून दाखवू नका, भाऊ. आधी ऐकून घ्या."

गेल्या पंधरवड्यात एक बाई ऑफिसात आली. तीस-बत्तिशीची, नरडाण्याची. नवरा गिरणीत होता, अपघातात गेला. कामगारांच्या संस्थेत घर आहे, येत्या रविवारी सभा आहे आणि तिला येऊ नको म्हणून निरोप आलाय. "अक्का कोठे शे?" तिनं अहिराणीत विचारलं. "अक्कानी सांगेल व्हतं, अडचण उनी ते आठे ये." अडचण आली तर इथं ये, असं अक्का तिला सांगून गेल्या होत्या.

मी तिला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग हळूच म्हणाली, "मंग आते माले कोन सांगी, मिटिंगमा कसं बोलनं ते?"

मला ते सांगता येण्यासारखं नव्हतं. मी फक्त म्हणालो, "जा तू सभेला. मीही येतो."

रविवारी सकाळच्या बसनं मी नरडाण्याला गेलो. शाळेच्या एका वर्गात सभा होती. सरकारी माणूस म्हणून कुणाला दबाव वाटू नये, म्हणून मी मागे, दाराशी बसलो. ती एकटी बाई, पोराला मांडीवर घेऊन. पाण्याच्या मोटारीचा विषय निघाला आणि ती उभी राहिली. अध्यक्ष कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "ताई, तुम्ही सभासद नाही."

मी उठणार होतो. कलम, पोटनियम, काहीतरी माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती माझ्याआधी बोलली, आणि मोठ्यानं नाही, शेजारणीशी बोलावं तसं.

"नही शे सभासद," ती म्हणाली. "पन मी आठेच राहस."

अध्यक्षांनी मान वर केली. मग त्यांनी पुढचा कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "बरं... बोला, काय म्हणता."