नऊ-तीनचा धक्का

जर्मनीतल्या डार्मश्टाटमधला तो बंदूकविक्रेता रायफल दाखवण्याआधी गिऱ्हाइकाचा खांदा अंगठ्याने दाबून बघायचा, आंबा बघावा तसा. २००५ साली शिकारीच्या परवान्याची परीक्षा पास झाल्यावर मी त्याच्याकडे रानडुकरांसाठी ९.३ मिलिमीटरची रायफल मागितली. त्याने माझा खांदा दाबला आणि मान हलवली.

"आल्झो, हेर डॉक्टर," तो जर्मन अदबीने म्हणाला, "डुक्कर आठ मिलिमीटरनेही मरतं. नऊ-तीनचा धक्का जबर असतो. बार काढताना तुम्ही दचकलात, तर जनावर जखमी होऊन पळेल आणि दोन दिवस तडफडेल."

मी हटून बसलो. मग तो मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. खऱ्या काडतुसांत त्याने न सांगता एक खोटं मिसळलं होतं. खोट्यावर चाप ओढला की नुसतं टक् होतं, पण दचकणाऱ्याची नळी खाली जाते. माझी गेली.

"डुक्कर वाचलं. गवत मेलं," तो म्हणाला.

"आता तुम्ही दाखवा," मी म्हणालो.

वीस वर्षं तो नऊ-तीनच वापरत होता. हसत हसत त्याने आपली रायफल माझ्याकडे भरायला दिली. त्याच्या दोन गोळ्या मधोमध लागल्या. तिसऱ्या वेळी टक् झालं आणि त्याची नळी माझ्यापेक्षाही खाली गेली.

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे, अगदी बरोबर.

मी आठ मिलिमीटरची घेतली. पुढच्या शनिवारी दुकानाच्या काचेत त्याची रायफल विक्रीला ठेवलेली दिसली. खाली त्याच्या सुबक अक्षरात चिठ्ठी होती: "रायफल निर्दोष. मालक दचकतो."