बाहेरचा चेंडू

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी फरीदाबादच्या एका मैदानावर माझ्या मुलीची निवडचाचणी झाली. चाचणी वीस षटकांच्या सामन्यांच्या संघासाठी होती. तिच्या वयोगटातले हे तिचे शेवटचे वर्ष. या वेळी निवड झाली नाही, तर पुढे थेट मोठ्या मुलींमध्ये जागा शोधावी लागणार होती, आणि तिथे आधीच गर्दी होती. घरात हे कोणी बोलून दाखवले नव्हते. माहीत सगळ्यांना होते.

तिला खेळायला माझ्या वडिलांनी शिकवले. ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आमचे बालपण दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेले. ऑफिसच्या संघातून ते सलामीला खेळत, दोन-दोन दिवसांचे सामने. आता ते आमच्याबरोबर मयूर विहारला राहतात. सोसायटीमागच्या पार्कात ते रोज सकाळी स्टंपांच्या जागी प्लास्टिकची खुर्ची ठेवत आणि ऑफ स्टंपच्या बाहेर चेंडू टाकत. तिने तो सोडायचा. बॅट लागली तर पार्काला एक फेरी. सामना खेळून ती घरी आली की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "किती वेळ उभी होतीस?" धावा त्यांनी कधी विचारल्या नाहीत.

चाचणीत प्रत्येकीला दोन षटके मिळणार होती. बाद झाले तरी खेळत राहायचे. किती जोरात आणि कुठे मारता येते, एवढेच बघणार होते. आदल्या संध्याकाळी जेवताना मी हे वडिलांना सांगितले.

"म्हणजे आउट झालं तरी चालतं?"

"चालतं."

"मग बोलरने धावत यायचं तरी कशाला?"

"आजोबा, प्लीज यार," मुलगी म्हणाली. "उद्या तिथे काही बोलायचं नाही. बिल्कुल नाही."

"मी कुठे बोलतो?"

"तुम्ही टीव्हीशीपण बोलता."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि नाही बोलणार म्हणाले.

मैदानावर आम्ही दोघे दोरीबाहेर खुर्च्यांवर बसलो. निवड करणारे समोर टेबलामागे होते. तिची पाळी आली. पहिला चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पडला. तिने बॅट वर घेतली आणि तो जाऊ दिला. दुसराही तसाच, तोही तिने सोडला. पॅड बांधून बसलेली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "अरे, टेस्ट मॅच चल रही है क्या?" दोघी हसल्या. तिसराही तिने सोडला. टेबलामागच्या एकाने पेन खाली ठेवले. मी पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडत होते आणि लावत होते.

वडील उभे राहिले.

"मार ना गं! सोडतेस काय!"

त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकले. मी त्यांचा शर्ट धरला, तरी ते थांबले नाहीत. "डावीकडे कोणी नाहीये, तिकडे मार!"

दिल्लीत घराबाहेर काही खासगी बोलायचे असले की आम्ही मराठीत बोलतो. मेट्रोत, भाजीवाल्यासमोर, डॉक्टरांसमोर. आजूबाजूला कोणाला कळत नाही, असे आम्ही धरून चालतो. वडील इतकी वर्षे तसेच धरून चालले होते.

मुलीने ऐकले आणि डावीकडे आडवी बॅट फिरवली. मधला स्टंप उडाला.

टेबलामागून टोपी घातलेल्या एक बाई उठल्या आणि सरळ आमच्याकडे आल्या.

"आजोबा, मी साताऱ्याची. मिस्टर आर्मीत आहेत, म्हणून इकडे असते," त्या मराठीत म्हणाल्या. "बाहेरून सांगायचं नसतं. परत बोललात तर मला तिच्या नावापुढे लिहावं लागेल."

वडील पटकन बसले. "तिची काही चूक नाही, मॅडम. सोडायला तिला मी शिकवलंय."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या आणि परत गेल्या.

उरलेल्या चेंडूंपैकी काही तिने मारले, दोन चांगले सरळ गेले. एक बाहेरचा तिने पुन्हा सोडला. वडील जमिनीकडे बघत होते.

परतताना मेट्रोत ती कानात इअरफोन घालून दारापाशी उभी राहिली. वडिलांनी मला हळूच विचारले, "माझ्यामुळे गेलं का गं?" मराठीतच विचारले, पण आधी डब्यात इकडेतिकडे पाहून. मी माहीत नाही म्हणाले. मला खरेच माहीत नव्हते.

बुधवारी तिच्या फोनवर निरोप आला. काही मुलींना शेवटच्या चाचणीसाठी पुन्हा बोलावले होते आणि त्यांत ती होती. निरोपाच्या शेवटी एक सूचना होती : घरच्यांनी फाटकाच्या आत येऊ नये.

त्या आठवड्यात पार्कात वडिलांनी तिला पायांवर चेंडू टाकले आणि मारायला सांगितले. खुर्चीचा एक पाय मोडला.

रविवारी ती एकटी गेली. टीव्हीवर कसोटी सामना चालू होता. वडिलांनी तो लावला नाही. ते गॅलरीत जात आणि परत येत. दुपारी माझ्या फोनवर तिचा मेसेज आला : "झाली बॅटिंग. मेट्रोत आहे."

मी तो वाचून दाखवला.

"रन किती, विचार," वडील म्हणाले.

मी विचारले. उत्तर यायला बराच वेळ लागला.

"मोजले नाहीत. आउट नाही झाले."

निकाल अजून लागलेला नाही.