सर मान हलवतात

आमचे गणिताचे सर फलनाचं चिन्ह घटकाच्या उजवीकडे लिहायचे आणि मी डावीकडे. त्यावरून पीएचडीच्या काळात सरांच्या पडवीतल्या फळ्यासमोर आम्ही इतके भांडायचो की सरांची बायको, आमची आंटी, आतून ओरडायची, "ह्यो काय मासळीबाजार आसा?" माझी आई मालवणात मासेच विकते. माझा आवाज कमी कसा होणार?

विषय साधा सांगायचा तर, रिंग म्हणजे जिच्यात बेरीज-गुणाकार चालतात अशी रचना. तिच्यावर मॉड्यूल उभी राहतात. होडीवर घालायचं ताडपत्रीचं आवरण होडीच्याच मापाचं लागतं. तसं नेमकं, फाजील काही नसलेलं प्रक्षेपी आवरण कुठल्या मॉड्यूलना मिळतं, यावरून रिंगचा वर्ग ओळखायचा. पण या रिंगांत गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, म्हणून डाव्या बाजूचं खरं ते उजव्या बाजूला खरं असेलच असं नाही.

आमच्या शेवटच्या पेपरात सरांचं सगळं मी माझ्या पद्धतीत उलटवून घेतलं. एकच पायरी तशीच राहिली. ती सिद्ध होती डावीकडे आणि वापरली होती उजवीकडे. पेपर तपासणाऱ्या मेल्या परीक्षकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं! मी निर्धास्त होते, कारण सर म्हणाले होते, "दुसरे बाजूनय होता गो, मगे सांगतंय." मगे म्हणजे नंतर. ते नंतर आलंच नाही. सरांना झटका आला आणि वाचा गेली.

मी एकटीने खूप डोकं आपटलं. पायरी काही हलेना. संपादकांना उत्तर देणं भाग होतं, म्हणून सरांकडे गेले. आंटी त्यांना पेज भरवत होती.

"पेपर छापतले मा गो? तेंचो जीव त्यातच आसा," ती म्हणाली.

मी फळ्यावर पायरी लिहिली, सरांसारखी, चिन्ह उजवीकडे. विचारलं, "सर, दुसऱ्या बाजूनेही होतं ना?"

सरांनी मान हलवली. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग शंका आली. भीत भीत विचारलं, "की होत नाही, सर?"

तशीच मान हलवली. तेच हसू.

भयंकर चीड आली, कोणावर ते कळेना. इतकी वर्षं एका चिन्हावरून माझ्याशी भांडलेला माणूस! मी म्हटलं, "सर, भांडा ना माझ्याशी." मान हलली.

खडू खाली ठेवला. शेवटचं विचारलं, "मग पेपर मागे घेऊ?"

सरांनी हसून मान हलवली.

आंटीने त्यांच्या ओठांवरची पेज पदराने पुसली. खुशीत म्हणाली, "बघलंस? तुझा सगळा तेंका कळता."

"हो आंटी," मी म्हटलं आणि फळा पुसायला घेतला.