दादारावांचा नोड

दादाराव संघाच्या ऑफिसात आले की नमस्कार नाही, चहा नाही. आधी कोपऱ्यातल्या सर्व्हरवर तळहात ठेवायचे, पोराचा ताप पाहावा तसा. मग खुर्ची ओढून म्हणायचे, "चालू हाय. आता बोला." जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला माणूस, लाइन जिवंत आहे हे कळल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

जळकोटच्या आमच्या शेळीपालक संघाची मी सचिव. आसपासच्या जिल्ह्यांतल्या काही संघांनी मिळून अस्सल उस्मानाबादी शेळीची वंशावळ ब्लॉकचेनवर ठेवायचं ठरवलं. प्रत्येक संघाचा एक सर्व्हर, त्याला नोड म्हणायचं. सगळ्या नोडांवर तीच नोंद. नवं करडू आलं की प्रत्येक संघानं होकार किंवा नकार द्यायचा, सगळ्यांचा होकार असेल तरच नोंद, आणि दिलेलं मत एकदा चढलं की कुणाला पुसता येत नाही. अट एवढीच, की ज्याचा नोड वारंवार बंद पडेल त्याचं मत जाईल. ही अट आमच्या विजेला मात्र कुणी कळवली नव्हती.

नोड उभा करायचं काम दादारावांनी अंगावर घेतलं. जुन्या नोंदी उतरून घेताना लाइट जायची, डेटा बिघडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी वैतागायचे, ते मात्र बाहीनं घाम पुसून परत बसायचे. शेवटी नोड चालू झाला, तरी पडायचा थांबला नाही आणि बाकीच्या संघांकडून शेवटची ताकीद आली. पुण्यात भाड्यानं मशीन घेऊन मोकळे होऊ, असं अध्यक्ष म्हणाले. दादाराव उसळले. "शेळी आपली, अन् तिचं गोत्र भाड्याच्या खोलीत? न्हाय जमायचं."

त्यातच खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं धुऊन, झेंडू वाहून ठेवायची, वापरायची नाहीत. दादारावांनी नोकरीतही त्या दिवशी कधी पक्कड उचलली नव्हती. अध्यक्षांनी सर्व्हरला हार घातला आणि यालाही आज विश्रांती देऊ म्हणाले. हवा अडू नये म्हणून दादारावांनी सर्व्हरच्या पंख्यावरचा हार बाजूला सरकवला. दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टरची बॅटरी बसत आली. आता नोड पडला तर मत गेलंच. दादाराव घाईनं घरी गेले, मीही मागोमाग. देवापुढच्या फुलांतून त्यांनी पक्कड आणि पाना उचलला, कपाळाला लावला आणि पूजा झालेल्या ट्रॅक्टरची बॅटरी सोडवायला घेतली. त्यांचा मुलगा संतोष आडवा आला. आज हत्याराला हात लावता, देवीचा कोप होईल, म्हणाला.

"हत्यारानं सुटी घ्यावी," दादाराव पाना फिरवत म्हणाले, "राखणीला सुटी नसती."

ती बॅटरी इन्व्हर्टरला जोडली. नोड पडला नाही. मत राहिलं.

ते मत पणाला लागलं ते दिवाळीनंतर. नोंदणीला आलेली पहिलीच करडं संतोषची होती. काळीभोर, लांब कानांची, बघत राहावी अशी. बाकीच्या संघांनी फोटो पाहून होकार दिला. आमचा राहिला होता. दादारावांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. करडांचा बाप, म्हणजे संतोषनं बाजारातून आणलेला बोकड, राजस्थानी शिरोही जातीच्या मिसळीचा होता, आणि हे घरात दोघांनाच ठाऊक होतं.

"मॅडम, नकार लिवा."

दिसायला तर अस्सल आहेत, मी म्हणाले. खरं तर मला संतोषची कीव येत होती.

"काळी हायती, पण आपली न्हायती. म्या सोताच्या घराला होकार दिला, तर उद्या कुनाला न्हाय म्हनू?"

मी नकार चढवला. संतोष बापाशी बोलेनासा झाला. दादारावांना ते फार लागलं. जेवण तुटलं, पण ऑफिसला यायचं चुकलं नाही. उन्हाळ्यात ते अचानक गेले, आणि बापलेकाचा अबोला तसाच राहून गेला.

दिवसकार्य झाल्यावर संतोष ऑफिसात आला. दादांचा तो नकार दाखवा म्हणाला. मी पडदा त्याच्याकडे वळवला. त्यानं ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि विचारलं, "हे आता कुनालाच पुसता येनार न्हाय?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि उपरण्यानं डोळे पुसत तिथंच बसून राहिला.