एका खिशाचं दुकान

बाबांनी अख्ख्या गावाचे शर्ट शिवले, पण स्वतःच्या शर्टाला खिसा एकच. गिऱ्हाइकाचे पैसे त्यात पडायचे. दोरा, अस्तर, किराणा, माझी फी, सगळं त्यातूनच जायचं. संध्याकाळी खिसा रिकामा, म्हणून बाबांनी ठरवूनच टाकलं, दुकान बुडालं, आणि शिलाई मशीन विकायला काढलं. ते न्यायला विकत घेणारा माणूस दारात येऊन उभा राहिला, तरी मी बाबांशी भांडून आणलेल्या अकाउंटंट बाई बिलंच चाळत होत्या.

"आटपा!" बाबा खेकसले.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "दुकान नफ्यात आहे. तेच घर पोसतंय आणि शिव्याही तेच खातंय."

त्या माणसाने मशीनला हात घातला.

"हात काढ!" बाबा ओरडले.

मग अंगातला शर्ट काढून त्यांनी त्याच मशीनवर घराचा वेगळा खिसा शिवला. महिनाअखेरीस बाईंनी दुकानाच्या खिशातून काढून त्यात बाबांचा पगार ठेवला. आयुष्यातला पहिला.